विहीणबाईंच्या घरचा रविवार

"तुझी आई मुकी आहे का?"

माझ्या ताटलीत भात वाढता वाढता, माझ्यासमोरच, विहीणबाईंनी रेवाला विचारलं. अर्थात मला ते तेव्हा कळलं नाही. इटालियनमधलं एक अक्षर मला येत नव्हतं. रेवा खळखळून हसली, जावई हसला, मी खाली मान घालून जेवत राहिले. जेवण आटोपून, बेसिनपाशी जाऊन चूळ भरून आले आणि मग विचारलं, "काय म्हणत होत्या गं त्या?"

"विचारत होत्या, तू मुकी आहेस का. विमानतळावरून आल्यापासून नुसता नमस्कार केलास, आणि टेबलावर तर तोंडच उघडलं नाहीस."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, चार महिन्यांचं व्रत आहे. जेवताना बोलत नाही. मठात नन असतात ना, तसं."

विहीणबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. त्या काहीतरी फाडकन बोलल्या आणि रेवा पुन्हा हसायला लागली. "म्हणतायत, नन झाली तरी मीठ कमी पडलं तर मागते."

मला त्या बाई तिथंच आवडल्या. त्यांचं नाव एर्नेस्ता. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, बुटक्या, दंडाला भरलेल्या, पांढरे केस कापून कानामागे सारलेले. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. मुलगा एकच, दाविदे. त्यानं माझ्या मुलीशी सहा वर्षांपूर्वी तिथल्या कचेरीत लग्न केलं, ते मी चिपळूणला बसून फोटोत पाहिलं होतं. बोलावलं होतं मला. गेले नव्हते. रागानं नाही, पण त्या वेळी माझ्या मनाची तयारी झाली नाही, एवढंच सांगते.

आता मात्र न बोलावता गेले होते. जूनमध्ये दाविदेचा फोन आला. रेवाच्या पोटात जे होतं ते दोन शस्त्रक्रियांनंतरही परत आलं होतं. विमानतळावरून येताना गाडीत रेवाला झोप लागली, तेव्हा त्यानं मला हळूच सांगितलं. रेवानं त्याला थोडं मराठी शिकवलं होतं, थोडं इंग्रजी आम्हा दोघांनाही येत होतं.

"आई, डॉक्टर म्हणते, आता औषध फक्त दुखू नको म्हणून."

"किती दिवस?"

"ते नाही म्हणत. प्रवास ऑक्टोबरपर्यंत चालेल. मग नाही." त्यानं आरशातून मागं झोपलेल्या रेवाकडं पाहिलं. "ती म्हणेल तसं. इथं म्हणेल तर इथं. तुझ्या घरी म्हणेल तर मी पण येतो. आई, तू तिला विचार."

तो मला तू म्हणायचा. रेवा दर वेळी डोळे वटारायची, "तुम्ही म्हण, तुम्ही." मी म्हणायची, "असू दे गं. देवालासुद्धा आपण तूच म्हणतो."

मी तिला घरी न्यायलाच गेले होते. हे मी कुणापाशी बोलले नव्हते. आमच्या घरात मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचा पलंग झाडून, नवी गादी घालून आले होते. शेजारच्या लीलावहिनींना किल्ली देऊन सांगितलं होतं, खिडकी रोज उघडत जा, खोलीला वास नको यायला. आणि निघण्याआधी, आषाढी एकादशीला, देवापुढं पाणी सोडून संकल्प केला होता. चातुर्मासात कांदा-लसूण मी तशीही खात नसे, एक वेळच जेवायची. या खेपेला त्यात भर घातली. काष्ठमौन. म्हणजे पहिल्या घासापासून चूळ भरेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, हो-नाहीची मानसुद्धा हलवायची नाही. मधेच बोललं तर पान टाकून उठायचं आणि व्रत तिथंच मोडलं. कशासाठी ते कुणाला सांगायचं नाही. मागणं एकच होतं, माझी लेक घरी येऊ दे.

तिथं त्यांचं घर म्हणजे उत्तर इटलीतल्या व्हेर्चेल्लीजवळच्या खेड्यातलं विटांचं लांबट घर. मधे अंगण, भोवती भातशेती. मी संगमेश्वरकडची; भाताची खाचरं पाहत वाढलेली. पण असली खाचरं पाहिली नव्हती. नजर पोचेल तिथवर सपाट, मधे सरळ पाट, बांधावर बगळे. आणि त्या हिरव्यागार भाताच्या पार टोकाला बर्फाचे डोंगर. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी दोन वेगळी चित्रं एकमेकांना चिकटवली आहेत.

मी पहाटे पाचला उठून अंघोळ करायची. नळ सोडला की त्या जुन्या घरातले पाइप घूं घूं वाजायचे. दोन दिवस विहीणबाईंनी सोसलं. तिसऱ्या दिवशी मी अंघोळ करून आले तर त्या स्वयंपाकघरात झग्यावर शाल घेऊन बसलेल्या. समोर छोट्याशा लोखंडी किटलीत कॉफी उकळत होती. मला त्यांनी खुर्ची दाखवली. मग हा नेमच झाला. मी सहस्रनाम म्हणायची. त्या त्यांची माळ ओढायच्या. माझं आधी संपलं तर मी थांबायची, त्यांचं आधी संपलं तर त्या थांबायच्या. मग दोघी कॉफी प्यायचो. कडू जहर. त्यात त्या दोन चमचे साखर घालून द्यायच्या, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

तुळस नाही म्हणून मी खट्टू होते. खिडकीत एका कुंडीत त्यांची ती रुंद पानांची तुळस दिसली. वास वेगळा, पण जात तीच. मी रोज तिला पाणी घालून, नमस्कार करून प्रदक्षिणा म्हणून स्वतःभोवती फिरायला लागले. चौथ्या दिवशी विहीणबाईंनी येऊन तिची मूठभर पानं ओरबाडली आणि टोमॅटोच्या रश्शात टाकली.

माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

रेवानं समजावून सांगितलं. विहीणबाईंनी एकदा कुंडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी बाजारातून तसलीच दुसरी कुंडी आली. ती ओट्याशेजारी ठेवून त्या रेवाला म्हणाल्या, "ही खायची. ती तुझ्या आईची. तिच्याकडं मी बघणारसुद्धा नाही."

त्या घराला घड्याळ लावून दिलेलं होतं. आठाला पाववाल्याची गाडी, नवाला बिछाने खिडकीत वाळत, मग इस्त्री. इस्त्रीला त्या बाई नाही म्हणून कशालाच म्हणत नसत. चादरी, भांडी पुसायची फडकी, जावयाचे बनियन. माझी नऊवार बघून त्यांचे डोळे विस्फारले. दोघींनी मिळून तिला अंगणात इस्त्री केली, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि रेवा खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. साडेबाराला जेवण. मग खिडक्यांच्या झडपा बंद, सारं गाव निजलेलं. संध्याकाळी अंगणात खुर्च्या.

कांद्याशिवाय भात शिजवायला सांगितला तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला होता. "कांद्याशिवाय? मग त्याला चव कोण देणार?" पण शिजवला. नुसत्या लोण्यावर तांदूळ परतून, भाज्यांचं पाणी डाव-डाव घालत, शेजारी उभं राहून ढवळत. आपल्या मऊ भातासारखा लागायचा. टेबलावर मी बोलणार नाही हे एकदा पटल्यावर माझी जबाबदारी त्यांनीच घेतली. मीठ माझ्या उजव्या हाताशी, पाणी डाव्या. ताटली रिकामी झाली की त्या माझ्याकडं बघायच्या नाहीत, कारण मी हो-नाही करणार नाही हे त्यांना ठाऊक, थेट वाढायच्या. त्यामुळं मी तिथं महिन्याभरात जाड झाले.

आणि रेवा वाळत चालली. सकाळी बरी असायची. दुपारनंतर चेहरा मेणासारखा व्हायचा. विहीणबाई तिच्यासाठी भाताचं पातळ सूप करायच्या, तिच्याशी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या, चमच्यानं भरवायच्या. ती कंटाळली की तिला चिडवायच्या. "या पोरीला माझा मुलगा पसंत पडला, पण माझं सूप पसंत नाही. जगात याच्या उलटं असतं." रेवा हसून तोंड उघडायची.

मी दारातून बघायची. मला बरं वाटायचं. मला बरं वाटायचं नाही.

एकदा भातशेताकडं फिरायला गेलो आम्ही दोघीच, विहीणबाई आणि मी. बांधावर उभं राहून त्या एकदम वाकल्या, झगा गुडघ्यापर्यंत खोचला, आणि दोन्ही हातांनी हवेतलं तण उपटायला लागल्या. मग पाय दाखवले, इथवर पाणी. बोटांनी सांगितलं, पंधरा वर्षांची होते. मला कळलं. रेवानं सांगितलं होतं, त्या काळी बायका पोटासाठी लांबून यायच्या, दिवसभर पाण्यात उभ्या राहून शेतातलं गवत काढायच्या. एर्नेस्ताबाई त्यांतल्याच एक, इथल्याच मुलाशी लग्न करून राहिल्या. मी पदर खोचला. डाव्या हातात रोपांची मूठ धरल्यासारखी केली आणि उजव्या अंगठ्यानं एक एक रोप चिखलात दाबत मागं मागं सरकत गेले, आमच्याकडं आवण लावतात तसं. त्या बघत राहिल्या. मग पोट धरून हसल्या, मीही हसले. दोघी म्हाताऱ्या कोरड्या बांधावर भात लावत होतो.

परत येताना त्यांनी माझा हात धरला. घर दिसायला लागलं तेव्हा त्या रेवाच्या खिडकीकडं बघून थांबल्या. डोळ्यांना पदर नाही, म्हणून बाहीनं डोळे पुसले. मला काहीतरी म्हणाल्या. त्यातलं 'रेवा' एवढंच कळलं.

आता सांगा, अशा बाईच्या घरात राहून, तिचं अन्न खाऊन, तिची सून मी कुठल्या तोंडानं मागायची? आमच्याकडं लेक दिली की ती त्या घरची. माहेराला न्यायची तर विहिणीला विचारायचं, ती 'न्या' म्हणाली तर न्यायची. लेकीनं आपण होऊन म्हटलं तर गोष्ट वेगळी. मी रेवाच्या तोंडून येण्याची वाट पाहत होते. आणि तिनं म्हणावं म्हणून रोज एक जेवण गप्प राहून जेवत होते.

ती जवळ जवळ यायची. एका दुपारी झडपा बंद होत्या, मी तिचे पाय चेपत होते.

"आई, मागच्या खोलीत आता कोण असतं?"

"कुणी नाही."

"सामान भरून ठेवलं असशील."

"नाही. रिकामी आहे. खिडकी उघडी ठेवते."

ती छताकडं बघत होती. "सकाळी त्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर यायचं. बाबा म्हणायचे, हा माझा फुकटचा गजर." मग थोड्या वेळानं, "एर्नेस्ताला एकटीला करमायचं नाही."

"करमायचं नाही खरं," मी म्हटलं.

तेव्हाच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण मला वाटलं, ही सासूचा विचार करते आहे. आजारी जिवाला मी दोन्हीकडून ओढायचं का? तिला म्हणू दे. मी पाय चेपत राहिले.

सप्टेंबरमधला तिसरा रविवार. आमच्याकडं पितृपक्ष चाललेला. शेतं पिवळी झाली होती, यंत्रं आली होती, दिवसभर घरघर. माझं परतीचं विमान अकरा दिवसांवर. दाविदे आदल्या दिवशी मला म्हणाला होता, "आई, विचारलं?" मी म्हटलं, "विचारते."

रविवारचं जेवण म्हणजे त्या घरातली पूजाच. विहीणबाई चर्चमधून येऊन कानातले न काढताच स्वयंपाकाला लागायच्या. कडक इस्त्रीचा टेबलक्लॉथ. चांगल्या ताटल्या. आणि बोलणं. आठवड्याची सगळी मोठी बोलणी त्या टेबलावर. रेवानं मला आधीच सांगितलं होतं, दाविदेच्या वडिलांनी अर्धी शेती विकायची ठरवली ती इथं बसून. दाविदेनं तिला मागणी घातली ती इथं, आईसमोर. आजार परत आलाय हे तिनं सांगितलं तेही इथं, भात वाढल्यावर. "भिंतीआड कुजबुजलेलं या घरात कुणी धरत नाही, आई. ताटावर बोललं की झालं."

त्या दिवशी रेवानं निळा कुर्ता घातला होता. मी चिपळूणहून आणलेला. खांद्यावरून ओघळत होता. पण केस विंचरलेले, कपाळाला टिकली. विहीणबाईंनी सोललेल्या घेवड्याचा भात केला होता, माझ्यासाठी बिनकांद्याचा वेगळा. मी चित्राहुती घातली, आपोष्णी घेतली, पहिला घास घेतला.

चार-पाच घास झाले असतील. रेवानं चमचा खाली ठेवला. आधी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. दाविदेचं खाणं थांबलं. विहीणबाई हातातला पाव तसाच धरून बसल्या. मग ती माझ्याकडं वळली.

"आई, मी यांना सांगितलं की मला तुला एक विचारायचंय. सगळ्यांसमोर."

मी ताटलीतून वर बघितलं.

"मी तुझ्याबरोबर घरी येऊ?"

माझा हात घासासकट तोंडाशी थांबला.

बाहेर यंत्राची घरघर चालू होती. तिघंही माझ्याकडं बघत होते. रेवाचे डोळे त्या वाळलेल्या चेहऱ्यात केवढे मोठे दिसत होते. मी काय केलं सांगू? मी मान खाली घातली. घास तोंडात घातला. ताटलीत भात होता. दहा-बारा घास असेल. मनात म्हटलं, देवा, ऐकलंस. तिच्या तोंडून आणलंस. आता शेवटच्या दहा घासांत व्रत मोडून सगळं घालवू कशी? अन्न टाकून उठायचं, पितृपक्षात, तेही याच क्षणी? पाच मिनिटं. पाच मिनिटांत जेवते, चूळ भरते, आणि तिला पोटाशी घेऊन सांगते.

मी भराभर जेवायला लागले. जन्मात कधी इतक्या घाईनं जेवले नव्हते. घशाखाली उतरत नव्हता भात, पाण्याबरोबर ढकलत होते. वर बघायचं नाही असं ठरवलं, कारण वर बघितलं असतं तर बोलले असते.

टेबलावर कुणीतरी हळू बोललं. रेवाच होती. त्यांच्या भाषेत, दोन-तीन वाक्यं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विहीणबाईंचा हुंदका ऐकू आला. मी शेवटचे तीन घास एकदम घेतले, उठले, बेसिनकडं धावले. चूळ भरून पदराला हात पुसत वळले, तर रेवा खुर्चीत नव्हती. जिन्यावर तिची पावलं वाजत होती.

आणि विहीणबाई माझ्या अंगावर येऊन पडल्या. मला घट्ट धरून रडत होत्या, माझे हात हातात घेऊन त्यांची चुंबनं घेत होत्या. "ग्रात्सिए, कुंदा, ग्रात्सिए." आभार मानत होत्या, एवढं मला कळत होतं. कुंदा माझं नाव. एवढे दिवस त्या मला सिन्योरा, म्हणजे नुसतं बाई, म्हणत होत्या.

मी दाविदेकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हणाली रे ती?"

"म्हणाली, आईचं उत्तर कळलं." तो शब्द शोधत होता. "म्हणाली, मी इथं राहणार."

मी जिना चढले. ती पलंगावर कुशीवर पडली होती, भिंतीकडं तोंड करून. कुर्ता तसाच.

"जेवलीस पोटभर?" तिनं न वळता विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती, म्हणून जास्त लागलं.

"रेवा, चल बाळा. मी तुला न्यायलाच आले होते. खोली झाडून ठेवलीय, नवी गादी घातलीय. मी जेवत होते गं, म्हणून—"

"माहितीय मला तू जेवत होतीस."

"मग दोन मिनिटं थांबायचं होतंस!"

ती वळली. माझ्याकडं बघत राहिली. "आई, मला माहीत नव्हतं का तू जेवताना बोलत नाहीस? पहिल्या दिवसापासून मीच सगळ्यांना सांगतेय ना." तिला धाप लागली. "म्हणून तर तेव्हा विचारलं."

मी पलंगाच्या कडेवर बसले.

"नंतर विचारलं असतं तर तू 'हो'च म्हणाली असतीस. आजारी मुलीला कोण नाही म्हणतं? मला बघायचं होतं, एकदा तरी... जाऊ दे. वेडेपणा झाला माझा. लहान मुलासारखं."

तेव्हा मी सांगू नये ते सांगून टाकलं. म्हटलं, "अगं, ते व्रत तुझ्यासाठीच धरलं होतं."

"माझ्यासाठी? काय मागितलंस?"

"तू घरी यावीस."

मग तिच्या पोटातून एक हसू आलं, आणि त्यानं दुखलं म्हणून तिनं गुडघे पोटाशी घेतले. मी हात लावायला गेले तर तिनंच माझा हात धरला.

"मग दिलं होतं की गं त्यानं," ती म्हणाली. "मी विचारलं तेव्हा दिलंच होतं. घ्यायचं होतंस."

मी खूप विनवलं. पायांवर डोकं ठेवायची बाकी राहिली. ती माझे केस कुरवाळत राहिली, मीच आजारी असल्यासारखी. "आता नको, आई. एर्नेस्ताला पाहिलंस ना? महिनाभर ती घाबरून होती की तू मला नेशील. तरी तुझा भात ती रोज वेगळा शिजवत होती. टेबलावर बोलले मी. आता तिला जाऊन सांगू, की मघाचं खोटं?"

"मी सांगते त्यांना."

"तुला त्यांची भाषा येते?"

मी अकरा दिवसांनी एकटीच परत आले. विमानतळावर ती आली नाही, तेवढं बळ नव्हतं. अंगणात खुर्चीत बसून तिनं हात हलवला, विहीणबाईंनी तिच्या खांद्यावर शाल घातली. पौषात ती गेली. व्हिसाचे कागद होईपर्यंत सगळं झालं होतं. विहीणबाईंनी तिला शेवटच्या वेळी कसं धरलं होतं ते दाविदेनं मला फोनवर सांगितलं. मागची खोली लीलावहिनींच्या नातवंडांना अभ्यासाला दिली. या पौषात अकरा वर्षं होतील.

त्या रविवारचं आणखी थोडं सांगायचं राहिलं.

संध्याकाळी, उजेड असतानाच, विहीणबाईंनी पुन्हा टेबल मांडलं. माझं एकभुक्त; संध्याकाळी मी कधी पानावर बसत नसे, फार तर दूध घेऊन बाजूला बसायची. त्या दिवशी मी जाऊन माझ्या खुर्चीत बसले. विहीणबाईंना आश्चर्य वाटलं, पण लगेच ताटली आणली आणि भाताचं सूप वाढलं. त्यात कांदा होता. मला दिसला. रेवा शाल गुंडाळून समोर बसलेली. दिवसभराच्या रडण्यानं विहीणबाईंचे डोळे सुजलेले, पण चेहरा उजळलेला. दाविदे पाव कापत होता.

ताटावर बोललं की झालं, असं रेवा म्हणाली होती. मी चमचा उचलला. एक घास घेतला. गिळला. आणि दुसरा घास घ्यायच्या आधी, सगळ्यांकडं बघत, मोठ्यानं म्हटलं, "रेवा, तू माझ्याबरोबर घरी चल. मी तुला न्यायला आले आहे."

विहीणबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मग त्यांनी "ओ!" करून दोन्ही तळहात गालांना लावले. त्यांच्या टेबलावर मी पहिल्यांदाच बोलले होते. त्यांनी अधीरपणानं रेवाकडं वळून विचारलं, काय म्हणाली, काय म्हणाली?

दाविदेचा पाव कापणारा हात थांबला होता. 'घरी' त्याला येत होतं. 'चल' येत होतं. त्यानं मान खाली घातली.

रेवा माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं पडू दिलं नाही. सासूकडं वळून ती हसत हसत चारच शब्द बोलली. तेवढे शब्द एव्हाना मला येत होते.

ती म्हणाली, भात छान झालाय म्हणते.

एर्नेस्ताबाई उठल्याच. माझ्या खुर्चीपाशी येऊन त्यांनी माझ्या डोक्याचा मुका घेतला आणि माझी ताटली काठोकाठ भरली. मी चमचा घेतला आणि जेवायला लागले.